एका शब्दाची प्रार्थना

पाळकसाहेबांचा निरोप आला तेव्हा पाचोऱ्याचे पाहुणे हातपाय धुऊन ओसरीत बसले होते. शिंदखेड्याला कुणाची तरी मयत झाली होती, साहेब तिकडे गेले होते आणि संध्याकाळपर्यंत काही धुळ्यात परतणार नव्हते.

सगुणाबाई बट्ट्यांची परात घेऊन दारातच थांबल्या. आता जेवणावर प्रार्थना कोण करणार?

“मीच उरकते,” त्या लेकीच्या कानाशी लागल्या. “पानावर बसल्या बसल्या सुरू करते. तू नानांचं ताट आतल्या खोलीत ने.”

“माझ्या मागणीच्या दिवशी त्यांना आत कोंडायचं?” करुणाने विचारलं.

“हळू बोल. लग्न व्हायला हवंय ना तुझं?”

शमुवेलनानांचा, म्हणजे करुणाच्या वडिलांचा, सगळा जन्म मिशनच्या दवाखान्यात जखमा धुण्यात गेला होता. चिकटलेली पट्टी सोडवताना ते रोग्याचं नाव घेऊन हलक्या आवाजात प्रार्थना करत. रोगी कुठल्याही जातीचा असो, ओरडायचा थांबून ऐकत राही. ख्रिस्ती आळीत कुणी परगावी निघो, कुणाच्या सुनेचं बाळंतपण असो, नानांना बोलावणं ठरलेलं. घरी जेवणाआधीची त्यांची प्रार्थना तर इतकी लांबत जाई, की ‘देवाला ऐकू जातं हो, कालवण गार होतंय,’ असं सगुणाबाई हसून म्हणत.

गेल्या पावसाळ्यात नानांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. राहिला तो एकच शब्द, ‘हल्या’. लहानपणी शेतात घुसलेल्या रेड्याला हाकताना ओरडायचा तो शब्द, माणसाला म्हटला तर शिवीच. पाणी हवं असलं तरी हल्या, करुणा दिसली तरी हल्या. “मनात सगळं जागच्या जागी आहे,” डॉक्टर म्हणाले होते, “बाहेर यायची वाट तेवढी बुजलीय.”

पण देवळात ते कोण ऐकून घेणार? बरं वाटल्यावर पहिल्याच रविवारी नाना उभे राहिले, हात वर केला आणि भरल्या देवळात ‘हल्या, हल्या’ करू लागले. पोरं खिदळली. बायका कुजबुजल्या, इतक्या देवभक्त माणसाच्या तोंडी शिवी येते, म्हणजे आत दुसरंच कुणीतरी शिरलंय. तेव्हापासून सगुणाबाईंनी त्यांना देवळात नेणं बंद केलं. घरीसुद्धा नानांनी तोंड उघडायच्या आत दोन वाक्यांत प्रार्थना आटपून त्या त्यांच्यापुढे ताट सरकवत.

आज मात्र पानं मांडून होतात न होतात, तोच भिंतीला धरून, पाय ओढत नाना स्वतःच ओसरीत आले.

मुलाचे वडील अभिमनभाऊ लगबगीनं उठले. रेल्वेतले माणूस, पायानं किंचित अधू. त्यांनी नानांना हाताला धरून बसवलं.

“नाना, ओळखलंत? रुळावर हा पाय चेंगरला तेव्हा तुम्हीच पट्ट्या करायचात. माझं नाव घेऊन प्रार्थना करायचात. आजची प्रार्थना तुमच्याच तोंडून व्हायला हवी.”

“त्यांचा घसा धरलाय भाऊ,” सगुणाबाई घाईनं म्हणाल्या. “मी करते. हे प्रभू...”

“दोनच शब्द, वहिनी.”

नानांनी डावा हात वर केलाही होता. सगळ्यांच्या माना खाली गेल्या, डोळे मिटले. सगुणाबाईंचे तेवढे उघडे राहिले.

“हल्या,” नाना म्हणाले. मग जरा थांबून, खालच्या सुरात, “हल्या, हल्या...”

अभिमनभाऊंच्या थोरल्या बहिणीनं, सायत्राअक्कांनी, डोळे उघडले.

“हाई काय शे? हाऊ माणूस देवले शिव्या दी ऱ्हायना!”

“आमेन!” सगुणाबाई जवळजवळ ओरडल्याच. त्यांनी नानांचा वर गेलेला हात धरून खाली ओढला. “झटक्यामुळे असं होतं, अक्का. त्यांच्या मनात तसं काही नसतं हो!”

पण अक्का पानावरून उठल्या होत्या. “ऊठ रे इमा. आठे पानी बी पेवानं नही.”

नवरामुलगा इमा अजून डोळे मिटूनच बसला होता. पुन्हा हाक आली तेव्हा तो पुटपुटला, “आमेन.” मग उठला, नानांसमोर क्षणभर वाकला आणि अंगणात गेला.

अंगणात बराच वेळ बोलणं चाललं होतं. अक्कांचा आवाज तेवढा आत येत होता. अखेर अभिमनभाऊ एकटेच दारात आले. नानांकडे त्यांना बघवेना.

“वहिनी, आई गेल्यापासून घर अक्कांनीच सांभाळलं. त्यांच्या शब्दापलीकडे आम्हाला जाता येत नाही. बघू, कळवतो.”

ते काय कळवणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

फाटक वाजलं. करुणानं पाहुण्यांची ताटं एकात एक न घालता तशीच बाजूला सारली आणि ती वडिलांच्या शेजारी येऊन बसली. सगुणाबाईंनी नानांच्या ताटातली बट्टी कुस्करून वरणात कालवली.

“जेवा आता.”

नानांनी तोंड फिरवलं.

“अहो, घास घ्या. आता माझ्यात बळ नाही.”

“आई,” करुणा म्हणाली, “त्यांची प्रार्थना मधेच तोडलीस तू. ती पुरी होऊ दे.”

सगुणाबाई तिच्यावर खेकसणार होत्या. पण लेकीचे डोळे कोरडे होते आणि मान ताठ होती. त्यांचा घास धरलेला हात ताटात परत आला. किती महिन्यांनी त्यांनी नवऱ्यासमोर डोळे मिटले.

“हल्या,” नानांनी सुरुवात केली.

आधी सगुणाबाईंना तो शब्दच टोचत राहिला. मग हळूहळू त्यामागचा सूर ओळखीचा वाटू लागला. हा चढ स्तुतीचा. मग आजाऱ्यांसाठी आवाज असाच खाली यायचा. इथं थांबून एकेकाचं नाव घ्यायचे. आवाज एकदम ओला झाला. ही करुणा. सगुणाबाईंनी चाचपडत लेकीचा हात धरला.

नाना थांबले नाहीत. घरातून कुणी प्रवासाला निघालं, की शेवटी त्याच्यासाठी ते सुखरूप पोचणं मागत; तेच आता एकेका श्वासानिशी, सावकाश मागू लागले.

पाचोऱ्याची एस.टी. अजून सुटली नसेल. पाहुणे स्टँडवर उपाशीच उभे असतील.

“होय प्रभू,” सगुणाबाई म्हणाल्या.

बट्टीवरचं तूप थिजत चाललं होतं. त्यांनी घाई केली नाही.