एक ताका पसर, गप बस

मित्रांनो, खापर गावच्या बाजारात शांतिलाल शेठच्या दुकानात ज्याने दोन पिढ्यांचं कापड मोजलं, तो जुना लोखंडी गज मी. लोहाराने मला ठोकून सरळ केलं आणि शेठच्या हाताने घासून घासून मला चकाकी आणली. आज माझ्यावर गंज चढलाय, आणि खरं सांगतो, मी फार चिडलेलो आहे.

आमच्याकडे डोंगरातल्या बाया येत. त्यांची बोली वेगळी, शेठची वेगळी. पण शेठची एक रीत होती. कापडाचा एकच ताका पसरायचा, त्यावर मला आडवं ठेवायचं आणि गप्प बसायचं. बाईने कापडाला हात लावला तर मोजायचं, नाहीतर गुंडाळून दुसरा काढायचा. "बोलून बोलून दमवलं की गिऱ्हाईक उठून जातं," असं ते सुनेला, किंजलला, सांगत. तेव्हा मला केवढा अभिमान वाटे!

मग शेठना लकवा झाला. उजवा हात गेला, वाचा गेली. समजत सगळं होतं. मागच्या खोलीत, तोंड भिंतीकडे येईल अशी त्यांची खाट टाकली. मुलाने, महावीरने, मला त्यांच्या डाव्या हातात दिलं. "काही लागलं तर ठोका, बापूजी."

शेठ ठोकत. महावीर धावत येई. "पाणी पाहिजे? चहा? पंखा लावू? पाय दुखतो? उशी देऊ?" 'हो' म्हणून ठोकायला शेठ मला उचलेपर्यंत हा शेवटच्या प्रश्नावर! शेठ मला मागे, दुकानाकडे रोखत. तर म्हणे, "दुकानाची काळजी सोडा! मी आहे ना!" तेही ओरडून, जणू बापाचे कान गेलेत.  मला एक शब्द तरी बोलता आला असता!

एके सकाळी महावीर वैतागला. "या ठोकाठोकीने डोकं उठलंय!" म्हणत त्याने मला ओढून घेतलं, गल्ल्यावर आपटलं आणि माल आणायला अक्कलकुव्याला निघून गेला. शेठची उरलेली वाचाच त्याने काढून नेली.

दुपारी जसोदाबाई आली, डोंगरातली जुनी गिऱ्हाईक. किंजल घाईत होती. "साडी दाखवू? परकर? पोलकं? केवढ्यातलं?"

जसोदाबाई उठलीच. "शेठ नाय दिसत? तू लय बोलते, बाई."

किंजलने जीभ चावली. मुकाट्याने एक ताका पसरला, मला आडवं ठेवलं आणि बसून राहिली. जसोदाबाईने हळूच कापडाला हात लावला. किंजलचा हात माझ्यावर थबकला. मला घेऊन ती आत धावली.

तिने मला शेठच्या हातात दिलं. पाण्याचा पेला दाखवला आणि थांबली. मी हललो नाही. उशी दाखवली, थांबली. मी हललो नाही. मग तिने दाराकडे बोट केलं. "दुकान बघायचंय, बापूजी?" आणि वाट पाहिली. खूप वाट पाहिली. मी हळूहळू उचलला गेलो आणि खाटेवर एकदाच वाजलो.

किंजलने जसोदाबाईला आत बोलावलं आणि दोघींनी मिळून खाट फिरवली. शेठ दुकानाकडे बघत राहिले. मला त्यांनी छातीवर ठेवलं.

संध्याकाळी महावीर आला. "हे काय? ऊन लागतं का? वारा येतो? परत फिरवू?"

"अहो, एकच विचारा," किंजल म्हणाली, "आणि गप बसा."

तो क्षणभर बसला. मग पुन्हा सुरू! आणि मी पुन्हा खाटेवर वाजू लागलो.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी असं खाटेवर असेल, तर एकच विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. तेवढा वेळ आमचे शेठ परक्या गिऱ्हाइकालाही देत होते.