मी खारेपणा मोजणारी नळी

मित्रांनो, मी एक जुनी नळी आहे. आज मला तुमच्यापुढे माझी एक चूक कबूल करायची आहे. ती मी मुद्दाम केली नव्हती, पण तिच्यामुळे चार छोटे जीव गेले आणि एका माणसाचे चालणेही थांबले असते.

माझे दुकानातले नाव रिफ्रॅक्टोमीटर. एवढे लांबलचक नाव कोण घेणार? घरात मला सगळे 'नळी' म्हणतात. माझ्या एका टोकाला तिरकी काच आहे आणि दुसऱ्या टोकाला डोळा लावायची जागा. काचेवर पाण्याचा थेंब टाकायचा, झाकण मिटायचे आणि उजेडाकडे तोंड करून माझ्यातून बघायचे. आत वर निळे, खाली पांढरे दिसते. दोन्हींच्या मधली रेघ ज्या आकड्यावर असेल, तितके त्या पाण्यात मीठ.

मला घरी आणले चष्मेवाल्या काकांनी. त्यांचे चौकात चष्म्यांचे दुकान आहे आणि घरच्या बैठकीत समुद्राच्या पाण्याची काचेची टाकी. टाकीत दोन मासे, थोडे खडक आणि एक प्रवाळ. प्रवाळ म्हणजे शोभेचा दगड नव्हे बरे का! तो जिवंत प्राणी असतो. आमच्या प्रवाळाच्या मऊ बोटांना हातोडीसारखी टोके आहेत, म्हणून त्याचे नाव हातोडी. तिला तेव्हा अकरा डोकी होती, आणि प्रत्येक डोके म्हणजे एक वेगळा जीव. दिवे लागले की अकराही डोकी फुलून पाण्यात डोलायची.

दर सोमवारी काका मला पुसून, थेंब टाकून बघायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "पस्तीस! शाब्बास." शाब्बासकी खरे तर पाण्याला असायची, पण मी ती माझ्याच नावावर घेत असे. वर्षानुवर्षे माझे ऐकून त्या घरात मिठाचा चमचा हलत होता. मला त्याचा गर्व होता, हे कबूल करते.

मग काकू न्हाणीघरात घसरल्या आणि त्यांचे मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली. त्यांचा पलंग बैठकीत आणला. डॉक्टरांनी बजावले, रोज चालायचे, नाहीतर पाय कायमचा आखडेल. पण काकूंच्या मनात पडण्याची भीती बसली होती. वॉकर पुढे आणला की त्या तो परत ढकलायच्या. शेवटी त्यांनीच स्वतःशी एक करार केला. हातोडीची जितकी डोकी उघडतील, तितकी पावले टाकायची. पलंगापासून टाकीपर्यंत चौदा पावले होती. अकराव्या पावलावर काकांनी खुर्ची ठेवली. काकू तिथवर जाऊन बसायच्या, घाम पुसायच्या आणि म्हणायच्या, "ती उघडली ना, म्हणून मीही आले."

आता माझ्या चुकीकडे येते. माझ्यासारख्या नळ्यांना अधूनमधून ताळ्यावर आणावे लागते. त्यासाठी एक खात्रीचे पाणी मिळते, ज्यात मीठ बरोबर पस्तीस असते. ते माझ्यावर टाकायचे आणि रेघ पस्तीसवर नसेल तर माझा बारीक स्क्रू फिरवायचा. काका तो चष्म्याच्या दांड्या आवळायच्या स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे. पूर्वी ते साधे शुद्ध पाणी टाकून माझे शून्यही बघत. पण त्यांचे मित्र, दातांचे डॉक्टर, ज्यांच्याकडे अशा तीन टाक्या आहेत, म्हणाले, "शून्य कशाला बघतोस? खात्रीचं पाणी आहे ना? मग झालं." तेव्हापासून शून्य बंद झाले.

ते खात्रीचे पाणी बुचाच्या बाटलीत यायचे. काकांनी ते ओतले चष्मा पुसायच्या फवाऱ्याच्या बाटलीत! दुकानात अशा बाटल्या ढिगाने, हाताला सवय, एक दाबले की नेमका थेंब. बाटली त्यांनी टाकीच्या दिव्याशेजारी फळीवर ठेवली. तिथे दिवसभर ऊब. फवाऱ्याच्या तोंडातून पाणी हळूहळू उडून जाऊ लागले. मीठ काही उडत नाही, ते आतच राहिले. टाकीतले पाणी उडते म्हणून काका रोज तिच्यात शुद्ध पाण्याची भर घालायचे, पण बाटलीचेही तसेच होत असेल, हे त्यांच्या डोक्यात आले नाही. खात्रीचे पाणी पस्तीसचे एकोणचाळीस झाले, आणि काकांनी माझा स्क्रू फिरवून मला एकोणचाळीसला पस्तीस म्हणायला शिकवले.

त्यानंतर टाकीतले चांगले पाणी मला कमी खारट दिसू लागले. "एकतीस?" काका चरकले. त्यांनी मीठ वाढवले. माझी रेघ पस्तीसवर आली तेव्हा ते म्हणाले, "शाब्बास." माझ्या आत काहीतरी चुकल्यासारखे वाटत होते. पण मला तोंड कुठे आहे?

चार दिवसांनी हातोडीचे एक डोके उघडले नाही. मग दुसरे. काकांनी रंग बदलणाऱ्या थेंबांनी पाण्याची अल्कता बघितली, कॅल्शियम बघितले, तापमान बघितले. दातांचे डॉक्टर येऊन टाकीला नाक लावून बसले.

"पंपाचा झोत जास्त असेल," ते म्हणाले.

झोत कमी केला. आणखी एक डोके मिटले.

"मग दिवा जास्त होतोय. आणि खारेपणा?"

"पस्तीस. नळीने बघितलंय मी."

"मग ते सोड. पाणी बदल थोडं."

'नळीने बघितलंय' हे शब्द ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. काकांनी पाणी बदलले. नवे पाणी कोणाच्या मापाने केले? माझ्याच! जितके पाणी बदलले, तितके बिघडत गेले. आठवड्यात चारच डोकी उघडी राहिली. काही डोक्यांखालचे पांढरे हाड दिसू लागले. मासे कोपऱ्यात धापा टाकत उभे. घरात सगळ्यांची झाडाझडती झाली, पंपाची, दिव्याची, हीटरची. माझ्याकडे कोणी संशयाने बघितलेसुद्धा नाही. तो विश्वास मला भारी जड झाला होता.

"आज किती उघडली हो?" काकू रोज सकाळी विचारायच्या.

"अकरा," काका म्हणायचे आणि पाठ फिरवायचे. खरे सांगितले तर ही चार पावलांवर थांबेल, मग दोनवर, मग उठणारच नाही, याची त्यांना धास्ती होती. काकूंना लांबचे दिसत नाही. त्यांच्या चष्म्याची दांडी निखळली होती, आणि काकांनी तो चष्मा दुकानात नेऊन ठेवला होता. आठ दिवस झाले तरी तो परत आला नव्हता. काकू अकरा पावले टाकून खुर्चीत बसायच्या आणि समोरच्या निळ्या धूसर चौकोनाकडे बघत राहायच्या.

नवव्या दिवशी त्या खुर्चीपाशी आल्या आणि बसल्याच नाहीत.

"अगं, झाली अकरा. बस ना."

काकूंनी बारावे पाऊल टाकले. काका धावले, पण धरायचे धाडस त्यांना झाले नाही. तेरा. चौदा. काकूंनी टाकीच्या काचेला कपाळ टेकवले आणि बोट ठेवून मोजले. "चार," त्या म्हणाल्या.

काकांनी खुर्ची काकूंच्या मागे सरकवली.

"मला वाटलंच होतं. दांडी बसवायला तुम्हाला कधी आठ दिवस लागलेत?"

"तू चालायची थांबशील म्हणून गं..." काका म्हणाले. "सगळं तपासलं. काय चुकतंय तेच कळत नाही."

काकू वॉकर घट्ट धरून उभ्या होत्या. दुकानाच्या गल्ल्यामागे त्यांनी वीस वर्षे काढली होती. त्या म्हणाल्या, "नवा नंबर जुळत नाही म्हणून गिऱ्हाईक परत आलं, की तुम्ही आधी काय करता?"

"आधी माझं यंत्र शून्यावर आहे का ते बघतो. मग गिऱ्हाईकाचे डोळे."

"मग हिचं शून्य कधी बघितलं?" काकूंचे बोट माझ्याकडे वळले.

मला फळीवरून उतरवले, पुसले आणि शुद्ध पाण्याचा थेंब टाकला. काकांनी मला डोळा लावला, काच पुसली आणि पुन्हा लावला. माझी रेघ शून्याच्याही खाली गेली होती, जिथे आकडेच नाहीत. मग त्यांनी फवाऱ्याची बाटली उजेडात धरली. थोडी वापरून, थोडी उडून ती अर्धी झाली होती, आणि तोंडाशी मिठाचा पांढरा थर बसला होता.

"फवाऱ्याची बाटली," काका कपाळाला हात लावून खुर्चीत बसले. "अरे देवा, मीच केलं हे."

मला वाटले, आता माझी रवानगी कचऱ्यात. पण काकांनी माझा स्क्रू फिरवून मला शून्यावर आणले. टाकीत एकोणचाळीस निघाले. एकदम गोडे पाणी ओतले असते तर उरलेली चारही गेली असती, म्हणून रोज दोन मग खारे पाणी काढायचे आणि दोन मग शुद्ध घालायचे, असे ठरले. ते बारा दिवस कसे गेले ते माझे मला ठाऊक. रोज माझ्यातून बघताना काकांच्या पापण्या माझ्या काचेवर फडफडायच्या. अडतीस. साडेसदतीस. आकडा सांगताना मला भीती वाटायची, आजही मी चुकत तर नाही ना?

पंधराव्या दिवशी मिटलेल्या सात डोक्यांपैकी तीन उघडली. बाकीची चार गेली ती गेलीच. त्यांची पांढरी हाडे अजून टाकीत आहेत, आणि फळीवरून ती मला रोज दिसतात.

आता दर सोमवारी माझी तपासणी काकू करतात. चष्मा परत आला आहे. त्या पलंगावरून उठतात, टाकीपर्यंत येतात आणि आधी शुद्ध पाण्याचा थेंब टाकून माझे शून्य बघतात. परवा काकांनी विचारले, "सातच उघडलीत. आज किती पावलं टाकलीस?"

"मोजली नाहीत," काकू म्हणाल्या आणि मला डोळ्याला लावले.

मित्रांनो, तपासणीचा मला राग येत नाही, उलट त्या थेंबाची मी सोमवारपर्यंत वाट बघते. तुमच्या घरीही एखादी वस्तू असेल, एखादे माणूसही असेल, ज्याचे म्हणणे कोणी कधी पडताळून बघत नाही. त्याच्यावर विश्वास जरूर ठेवा, पण अधूनमधून प्रेमाने त्याचे शून्य बघत जा. आपण चुकतो आहोत हे त्याला सांगता येत नसेल.