उन्हात न दिसणारा स्क्रीन

पनवेलच्या खाडीकाठच्या मच्छीमार सोसायटीला मोठ्या एलईडी स्क्रीनसाठी देणगी मिळाली, ते २०१४ साल होतं. सगळ्यांत जास्त आनंद मासळी विकणाऱ्या सोनाबाईला झाला, कारण मागणी तिचीच होती. दोन वर्षांपूर्वी वादळाचा इशारा आला, तो सोसायटीच्या दारावर कागद चिकटवून लावला होता. दार धक्क्यापासून लांब. होड्या भरतीला निघून गेल्या आणि तिचा दीर विठू उरणच्या समोर होडीसकट उलटला. जीव वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. तेव्हापासून सोनाबाई प्रत्येक सभेत सांगत होती, "धक्क्यावर लांबून वाचता यील असं कायतरी लावा."

स्क्रीन दाखवायला वाशीहून यासीन नावाचा विक्रेता आला. चेअरमन काशिरामने सगळ्यांना सोसायटीच्या हॉलमध्ये बोलावलं. खिडक्यांचे पडदे ओढले होते. टेबलावर नमुन्याचा दोन फुटी चौकोनी तुकडा उभा होता आणि त्यात लाल-निळे मासे पोहत होते. माणसं हरखून गेली.

"असे तुकडे जोडून बारा फुटी होनार," काशिराम म्हणाला.

"ह्यो धक्क्यावर लावनार?" सोनाबाईने विचारलं.

"बघू."

"बघू नाय. आत्ताच बाहेर न्या."

काशिराम हसला. "वयनी, तुमी मासली बघा. मशीनचं आमी बघतो."

सोनाबाईची कानशिलं तापली. तिने ऑफिसातून लांब वायर ओढत आणली आणि यासीनला म्हणाली, "उचला भाऊ."

बाहेर भर दुपारचं ऊन होतं. तुकडा अंगणात ठेवला तर काळाठिक्कर. डोळ्यांवर हात धरून, जवळ जाऊन पाहिलं, तेव्हा कुठं एखादी शेपूट हलल्यासारखी वाटली.

"बंद पडला काय?" कुणीतरी विचारलं.

"चालू आहे," यासीन खाली बघत म्हणाला. "हा आतल्या वापराचा माल आहे, ताई. बाहेरचा वेगळा येतो. चार-पाच पट उजेडाचा, आत पाणी न शिरणारा. पण तेवढ्याच पैशात तो सहा फुटीच बसतो. मी साहेबांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. अल्लाकसम, सांगितलं होतं. त्यांना हॉलसाठीच हवा होता."

सगळे काशिरामकडे बघायला लागले.

"लग्नाला हॉल देतो ना आपन? स्क्रीन आसंल तर भाडं वाढंल," काशिरामचा आवाज चढला. "सोसायटीचाच फायदा हाय. आनि ठराव झालाय. सात सह्या हायत. तुमच्या दादूची पन हाय, विचारा त्याला."

दादू, तिचा नवरा, कमिटीत होता. तो भिंतीला टेकून उभा होता, तिथेच आणखी आक्रसला.

"सख्ख्या भावाचा पाय गेला," सोनाबाई म्हणाली, "नि तुमी वरातीच्या नाचासाठी सही केली?"

"काशिराम बोलला म्हनून केली. वाचलं नाय मी."

याचाच तिला जास्त संताप आला. ती जाऊन हॉलच्या उंबऱ्यात बसली. बाजारातून परतलेल्या बायकाही टोपल्या बाजूला ठेवून तिच्या शेजारी बसल्या. काशिराम ओरडला, मग समजावू लागला, मग फोन लावत फिरला. बायका हलल्या नाहीत.

"शंभर पावलांवरून अक्षर दिसंल काय?" तिने यासीनला विचारलं.

"बाहेरच्यावर दिसेल. फूटभर उंच अक्षर घेतलं, तर एका वेळी दोन छोटे शब्द बसतील."

"दोनच पुरेत. 'जाऊ नका.'"

ऊन कलायच्या आत नवा ठराव लिहिला गेला: सहा फुटी, बाहेरचा, धक्क्याच्या तोंडाशी. काशिरामने ओठ आवळून सही केली, ती कागद फाटेल इतकी दाबून.

वाटेत दादू म्हणाला, "झालं ना तुज्या मनासारखं? आता तरी राग सोड."

"दोन वर्सं नीट बोलत होते, तवा कुनी ऐकलं?"

ती घराकडे वळलीच नाही. सरळ विठूच्या दारात गेली, मागोमाग दादू. विठू ओसरीवर जाळं विणत बसला होता. दोघांना बघून त्याने सुई थांबवली.

"सांगा त्याला," ती दादूला म्हणाली. "कशावर सही केली ती तुमीच सांगा."

दादू ओसरीच्या कडेला टेकला. मग अडखळत बोलू लागला. सोनाबाई कमरेवर हात ठेवून तिथेच उभी राहिली, त्याचं सगळं सांगून होईपर्यंत.