धुडकूबापूंची माया

मित्रांनो, सुरतेत उधन्याच्या एका लहान दवाखान्यात खिडकीलगत उभी असलेली जुनी डायलिसिस मशीन, ती मीच. ज्यांची मूत्रपिंडे थकली आहेत, त्यांचे रक्त मी गाळून परत देते. नवी होते तेव्हा सगळे मला कौतुकाने पाहत. आता माझी बटणे पुसट झाली आहेत आणि चालताना माझा पंप कुरकुरतो.

ही कुरकुर धुडकूबापूंनी मनाला लावून घेतली. खानदेशातून येऊन त्यांनी तीस वर्षे कापड विणणाऱ्या लूमवर काढली होती. आठवड्यातून तीनदा ते येत, आधी माझ्या अंगावरून हात फिरवत, मगच आडवे होत.

हळूहळू बापूंना जेवण नकोसे झाले. अंगाला खाज सुटली. त्यांची बायको मंगलाबाई म्हणाल्या, "मशीनच म्हातारी झाली. दुसरी द्या."

मला फार वाईट वाटले.

आमच्या टेक्निशियन पल्लवीताईंनी डायलिसिसच्या आधी आणि नंतर बापूंचे रक्त तपासायला पाठवले. युरिया, म्हणजे रक्तातली घाण, आधी दीडशे होता, नंतर बहात्तर. शंभरातले बावन्नच भाग गेले होते. निदान पासष्ट तरी जायला हवे होते.

ताईंनी माझी तपासणी करवून घेतली. माझ्यात दोष निघाला नाही. बापू चार तास पूर्ण करत, सुयाही नीट होत्या. मग त्यांनी रोजची नोंदवही उघडली. पंपाचा वेग मिनिटाला तीनशे मिली हवा, तिथे महिनाभर दोनशेच लिहिलेला!

"बापू, वेग कुणी कमी करायला सांगितला?"

बापू खाली पाहू लागले. "मीच मशीन लावणाऱ्या गजेंद्रभाऊला सांगे. म्हटलं, हात दुखतो. खरं म्हणजे हात नाही दुखत, ताई. बिचारी एवढी कुरकुरते... थकी जाई ना ती."

मंगलाबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, तिच्यापायी तुमचा जीव गेला असता!"

पल्लवीताई हसल्या, पण त्यांचे डोळे ओले झाले. "बापू, कुरकुर पंपाच्या रबराची आहे. रबर आज बदलते. वेग मात्र आता मी ठरवणार."

नवे रबर बसले. मी पूर्ण वेगाने चालले. पुढच्या तपासणीत दीडशेचा युरिया अठ्ठेचाळीसवर आला. शंभरातले अडुसष्ट भाग गेले. आठवडाभराने मंगलाबाई सांगत आल्या, "काल दोन भाकरी खाल्ल्या यांनी!" जाताना त्यांनी पदराने माझी काच पुसली.

मित्रांनो, जुन्या यंत्रावर माया असेल तर त्याला स्वच्छ ठेवा, झिजलेला भाग वेळेवर बदला. पण कीव करून त्याचे काम कमी करू नका. आम्हाला थकवा येत नाही. आमच्याजवळ निजलेल्या माणसाला येतो.