पुण्याचं झाड

सारिकाने पाण्याची कॅन उचलून पाहिली आणि दाणकन खाली आदळली. दुपारच्या आतच रिकामी! डॉक्टरांनी सासूबाईंना बोअरचं खारं पाणी बंद करायला सांगितलं, किडनीवर जातंय म्हणाले, म्हणून ही गोड्या पाण्याची कॅन लावलेली. घरात माणसं इनमिन तीन.

"आई, पुन्हा त्या झाडाले ओतलं ना?"

सासूबाई, सिंधूताई, खिडकीपाशी कुंडीतल्या पीस लिलीची पानं ओल्या फडक्याने पुसत होत्या. ऐकू न आल्यासारखं करण्यात त्यांचा हात धरणारं अख्ख्या संग्रामपुरात कुणी नव्हतं.

"बोअरचं घातलं का पानं जळतात त्याचे," शेवटी त्या म्हणाल्या. "मंजू फोनवर पाह्यते ना व."

मंजुश्री म्हणजे नणंद. पुण्याला नोकरीला. उन्हाळ्यात येऊन हे लाडाचं झाड आईकडे सोपवून गेली आणि तेव्हापासून दर रविवारी तिचा फोन येतो तो झाडाच्या चौकशीला. आईचं कसं काय, एवढं विचारायला मात्र रेंज पुरत नसावी. सारिकाला दोघींचाही सारखाच वैताग आला होता. अंगणातला कडुनिंब, कुंपणाचा अडुळसा जन्मभर खारं पिऊन उभे आहेत, कुणाला फोन करावा लागत नाही. नखरे तेवढे ह्या पाहुणीचे.

चिडचिडीने घसा कोरडा पडला. तिने सासूबाईंच्या खाटेजवळचा तांब्या उचलून घोट घेतला आणि मोरीत थुंकला.

"हे तं बोअरचं हाये!"

सिंधूताईंनी फडकं पिळलं, झटकलं, पुन्हा पिळलं.

"मंग? निंबाले चालते ना? मीबी इथलीच ना व."

सारिकाने तांब्या अंगणात नेऊन निंबाच्या बुडाशी रिकामा केला. रविवार होता. फोन वाजला.

"वहिनी, झाड दाखव ना. नवीन पान आलं का?"

सारिका आत आली. तिने फोन वळवला, पण खिडकीकडे नाही. सिंधूताईंची सुजलेली पावलं फोनच्या पडद्यावर आली तशा त्या घाईघाईने लुगडं खाली ओढू लागल्या.

"वहिनी, झाड दिसत नाहीये."

"दिसन," सारिका म्हणाली. फोन तिने तसूभरही हलवला नाही. "पह्यले हे पाह्य."