विश्रांतीचे दहा दिवस

कष्ट कितीही सांगा, तो करी. स्वस्थ बसणे तेवढे त्याच्या कुंडलीत नव्हते. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासणारा हा माणूस आता पन्नाशीच्या उंबरठ्यावर होता. तीनशे किलोमीटरची सायकलफेरी पंधरा तासांत पुरी करण्यात तो दोनदा हरला होता. हा तिसरा प्रयत्न, आणि शेवटचा, असे त्याने घरात स्वतःच जाहीर करून टाकले होते.

त्याला घडवत होती थोरली बहीण, एके काळची शर्यतपटू. सहा महिने तिने त्याला चढावर पिदडले, वाऱ्याच्या तोंडी दिले. दहा दिवस उरले तेव्हा मात्र म्हणाली, "आता सायकलला हात लावायचा नाही."

"दहा दिवस? ताई, गंजून जाईन मी!"

"लोखंड आहेस का रे? पायांत ताकद विश्रांतीतच भरते. सकाळी उठल्या उठल्या नाडी मोज, मला कळव. वाढली तर समज, थकवा उतरलेला नाही. बास."

दोन दिवस त्याने पाळले. पण काच घासताना वाटे, सहा महिन्यांची पुंजी ओंजळीतल्या पाण्यासारखी थेंब थेंब निसटते आहे. तिसऱ्या पहाटे त्याने मागच्या खोलीत सायकल स्टँडवर चढवली. चाक जागच्या जागी फिरू लागले. कुठेही न जाणारे, आणि तरीही त्याला दिलासा देणारे. पहिल्या दिवशी तासभर, मग दोन तास.

बायको दारात येऊन उभी राहिली. "चोरून पिणारे पाहिलेत मी. चोरून घाम गाळणारा हा पहिलाच."

"ताईला सांगू नकोस."

"मी कशाला सांगू? तुमचे पायच सांगतील."

सकाळची नाडी बावन्नवरून बासष्टवर गेली. त्याने बहिणीला बावन्नच कळवली.

फेरीच्या दिवशी पहाटे पाचला तो निघाला. दोनशे वीस किलोमीटरवरचे तपासणी ठाणे एका शाळेच्या व्हरांड्यात होते, आणि तिथे शिक्के मारायला बहीणच बसली होती. तो पोहोचला तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते. पाय आता दुखतही नव्हते. त्यांनी तक्रार करणेच सोडून दिले होते.

तिने कार्डावर शिक्का मारला आणि त्याच्या पायांकडे पाहिले.

"बासष्ट होती," तो म्हणाला. "रोज पहाटे चालवत होतो."

"गाढवा," ती म्हणाली. पण त्या शब्दात रागापेक्षा थकवाच जास्त होता.

"ऐंशीच उरलेत. आठपर्यंत वेळ आहे. वीस मिनिटं पडतो, मग उठव."

व्हरांड्याच्या फरशीवर त्याने पाठ टेकली. पाठीखालचा गारवा, उन्हाची तिरपी पट्टी, दुरून जाणाऱ्या चाकांची सळसळ, सगळे हळूहळू त्याच्यापासून सुटत गेले.

डोळे उघडले तेव्हा व्हरांड्यातले ऊन पार भिंतीवर चढले होते. घड्याळात सहाला दहा कमी. दोन तासांत ऐंशी किलोमीटर त्याच्या ताज्या पायांनाही झेपले नसते.

"उठवलं का नाहीस?"

"तीनदा उठवलं. तिसऱ्यांदा माझा हात झटकून म्हणालास, आज विश्रांतीचा दिवस आहे."

त्याला हसू आले, पण ते ओठांपर्यंत पोहोचले नाही. तिने यादी पुढे ओढली.

"माघार लिहू?"

"लिही," तो म्हणाला, आणि उठला नाही.