देखणं चित्र

स्मिताबाईंनी टाक शाईत बुडवला, बाटलीच्या काठावर निथळवला आणि समोर बसलेल्या रामोनच्या चेहऱ्याकडे रोखून पाहिलं.

"आई, हनुवटी जरा लहानच काढ हं," शेजारी बसलेला निहार मराठीत पुटपुटला आणि साहेबाकडे पाहून हसला.

"आहे तेवढी काढू नको?"

"नको. गुरुवारपर्यंत तरी नको."

इथे आखातात, कंपनीच्या सित्रातल्या प्लांटवर कोणाकोणाचं कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं, हे रामोन गुरुवारी ठरवणार होता. निहारचं नाही वाढलं, तर जनाबियातलं हे घर सोडायचं आणि लेकीची, आर्याची दहावी अर्ध्यावर टाकून भारतात परत जायचं.

हे चित्राचं संकट स्मिताबाईंनीच ओढवून घेतलं होतं. कंपनीच्या फॅमिली डेला त्यांनी अकाउंट्समधल्या सादचं व्यंगचित्र काढलं. आधी पोट, मग बिर्याणीची ताटली, सगळ्यात मागून साद. तो रत्नागिरीचा गडी खूश. "काकी, ह्यो तर मीच! खलास!" म्हणत त्याने ते फोनवर स्टेटसला लावलं. तिथून ते रामोनने पाहिलं आणि स्वतःचं चित्र काढून घ्यायला आज तो घरीच आला.

रामोन सारखा केसांवरून हात फिरवत होता. डाव्या कानापासूनचे केस उजवीकडे नेऊन बसवलेले होते.

"त्यांना सांग, हात खाली ठेवा. टक्कल मला दिसलंय."

"आई म्हणते, आरामात बसा," निहारने इंग्रजीत सांगितलं.

स्मिताबाईंना इंग्रजी समजत असे, बोलायला तेवढं जड जाई. त्यांनी मुलाकडे चष्म्यावरून पाहिलं आणि टाक पुन्हा शाईत बुडवला.

"माझे पणजोबा हेच काम करायचे," रामोन म्हणाला. "बार्सिलोनात. पेपरात फोटो फारसे छापत नसत तेव्हा. दर आठवड्याला कोणाची तरी खोडी काढायचे. लोक आधी चित्र बघायचे, मग बातमी."

स्मिताबाईंचा हात थबकला. पुण्यातलं त्यांचं साप्ताहिक, छपाईचे ब्लॉक करणाऱ्याकडचा ॲसिडचा वास, जिन्याखालून येणारी संपादकांची हाक, "बाई, नाक झालं का?" ज्याचं नाक लांब ओढलं असेल, तोच पुढारी नंतर मूळ चित्र मागायला यायचा. फ्रेम करून बैठकीत लावायचा. देखणं काढलेलं चित्र मागायला मात्र कोणी आल्याचं त्यांना आठवेना.

"अँड देन?" त्यांनी स्वतःच विचारलं.

"एका जनरलच्या मिशीवर त्यांनी कावळे बसवले. दोन्ही टोकांना." रामोन हसला नाही. "तुरुंगात गेले."

"सर, चहा घेणार ना?" निहार घाईने म्हणाला. वाकून त्याने कागदाकडे पाहिलं. हनुवटी लहान होती, कपाळ भव्य, केस दाट. त्याने खुर्चीला पाठ टेकली.

चित्र झालं. रामोन ते घेऊन खिडकीच्या उजेडात गेला आणि बराच वेळ पाहत राहिला.

"सुंदर आहे," तो म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "तुरुंगातून सुटल्यावर पणजोबा अशीच काढायचे. साबणाच्या वेष्टनांवर, अधिकाऱ्यांच्या दिवाणखान्यांसाठी. सगळेच देखणे. घरात खायला भरपूर होतं, आजी सांगायची. पण त्यातलं एकही चित्र आमच्याकडे कोणी जपलं नाही."

निहार आईकडे वळला. "खूप आवडलं म्हणतात."

"ऐकलं मी." स्मिताबाईंनी हात पुढे करून रामोनकडून चित्र परत घेतलं आणि टेबलावर पालथं ठेवलं. "त्यांना सांग, हे मी भिऊन काढलंय. वेळ असेल तर बसा म्हणावं, खरं काढते. आवडेलच असं नाही."

"आई, प्लीज."

"मोडकंतोडकं का होईना, मीच सांगू?"

रामोन दोघांकडे आळीपाळीने पाहत होता. "काय म्हणतात त्या?"

निहारने तळहात पँटला पुसले. उठून उभा राहिला. मग रामोनच्या नजरेला नजर न देता, एकेक शब्द सावकाश उचलत, त्याने आईचं सगळं बोलणं इंग्रजीत सांगितलं. 'भिऊन'सुद्धा.